आठ थरांचा झगा

नेल्सन, लँकेशायर
रविवार, ४ एप्रिल १९४३

प्रिय ऑलिव्ह,

थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करावी हे मला माहीत आहे, पण पाच वर्षांत सवय मोडली. तेव्हा तो मिळाला असं समज. इकडे सगळं ठीक. मार्था आत्याचा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो आणि ती पूर्वीसारखीच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. परसातल्या कोंबड्यांपैकी एक अंडी देते, दुसरी नुसतं ओरडते.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते आधी घड्याळामागे ठेवलं, मग चहा केला, प्यायले, आणि मग उघडलं. आत तीन ओळी. 'आईने शिवलेला माझा नाचाचा झगा ट्रंकेत आहे. नऊ मेच्या आत तो मला हवा. कारण विचारू नकोस.' मला राग आलेला नाही. आईच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला तू समोर बसून 'लोणच्याची बरणी इकडे सरकव' म्हणालीस, तेवढंच काय ते आपलं पाच वर्षांतलं बोलणं. त्या मानाने हे पत्र लांबलचकच म्हणायचं.

कारण विचारत नाही. नऊ मेला चेस्टरला कुठेतरी नाच असेल, सिरिल बोटीवरून रजेवर येणार असेल, एवढं मलाही कळतं. पाच वर्षांपूर्वी तू तोच झगा घालून, माझ्या जागी, माझ्या जोडीदाराबरोबर, सिरिलबरोबर, स्पर्धेत नाचलीस, चषक घेऊन आलीस आणि तीन महिन्यांत त्याच जोडीदाराशी लग्न करून चेस्टरला गेलीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझा पाय मुरगळला होता, कोणीतरी नाचायला हवंच होतं.

झगा सुखरूप आहे. म्हणजे ट्रंक तर अगदी सुखरूप आहे. डांबराच्या गोळ्यासुद्धा मी स्वतः बदलल्या.

आता इकडची बातमी. गिरणीतल्या बायकांनी नाचाचा संघ काढला आहे. आम्ही सोळा जणी. गावात पुरुष उरलेत ते एकतर सत्तरीचे, नाहीतर शाळकरी, म्हणून आठ जणी बाया आणि आठ जणी बाप्ये. बाप्यांनी लढाईवर गेलेल्या नवऱ्यांचे आणि भावांचे सूट कपाटांतून बाहेर काढले. मी बाप्या आहे. बाबांचा काळा सूट मला खांद्यांत तंतोतंत बसतो. आमच्या मागाखात्याच्या मुकादम क्लेगबाई नाच शिकवतात. 'हेटी, तुझे खांदे देवाने याच कामासाठी दिलेत,' असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

अडचण होती बायांची. वर्षाची कापडाची रेशन-कुपनं एक कोट आणि एक बुटांची जोडी घेतली की संपत आली, नाचाच्या पोशाखाला कोण देणार? कुपनाशिवाय मिळतं ते एकच कापड, विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना लावायचं काळं कापड. ते आणलं आणि आठ झगे शिवले. आठही जणी ते घालून आमच्या बैठकीच्या खोलीत ओळीने उभ्या राहिल्या. मार्था आत्या आत आली, तिने एकेकीकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, 'कोण गेलं?'

तेव्हा त्यावर काहीतरी हलकं, रंगीत घालणं भागच होतं. मग कुठूनतरी थोडी जाळी मिळाली. फिक्या जर्दाळू रंगाची. नक्की कुठून ते आता नीट आठवत नाही.

झगा पाठवायला जरा वेळ लागेल. हल्ली सुतळी कुठे मिळत नाही.

तुझी बहीण,
हेटी


मंगळवार, १३ एप्रिल १९४३

प्रिय ऑलिव्ह,

तुझं कार्ड मिळालं. 'जर्दाळू रंगाची?' एवढा एकच शब्द... बरं, दोन शब्द लिहिण्यासाठी कार्ड वापरू नये. पोस्टमन ते वाचूनच आला होता. दारात उभा राहून म्हणाला, 'मग, काय उत्तर देणार तुम्ही?'

उत्तर देते. मी झगा कापलेला नाही. आईची शपथ, कात्री लावली नाही. उसवला. फक्त कमरेपाशी. वरचं पांढऱ्या सॅटिनचं अंग आणि आतला सॅटिनचा घेर जसाच्या तसा ट्रंकेत आहे, त्याला मी बोटही लावलं नाही. नुसते वरचे जाळीचे थर सोडवले. ते निघाले आठ आणि आमच्या बाया होत्या आठ. आईने सहाच थर घातले असते तर मी या मोहात पडले नसते. दोघींना वगळायचं कसं, हा प्रश्न पडला असता आणि मी ट्रंक बंद केली असती.

आणि ऑलिव्ह, ते इतकं सुंदर दिसलं. ते मला लिहायलाच हवं. विमान-निधीच्या आठवड्यात नगरभवनात आमचा नाच झाला. काळ्या कापडावर एकेक थर जाळी, आणि त्या जाळीवर आईने हाताने टाचलेल्या टिकल्या. हल्ली दुकानात शिवलेल्या कपड्याला चुण्या किती घालायच्या, बटणं किती लावायची, यालासुद्धा सरकारचा नियम आहे आणि टिकल्या तर साफ बंद. लोकांनी तीन वर्षांत चमकणारी वस्तू पाहिली नव्हती. पडदा उघडला तेव्हा सगळ्या सभागृहाने एकदम श्वास घेतला. मला आईची इतकी आठवण आली की पहिली चार पावलं मी चुकले.

लांब मोजे मिळत नाहीत, म्हणून सगळ्यांनी पायांना रश्शात घालायचा तपकिरी रंग लावला होता, त्यामुळे पुढच्या दोन रांगांना भूक लागली. पण खरी गंमत फ्लॉरीची झाली. फ्लॉरी आठवते ना, सूतखात्यातली, भरल्या अंगाची? रबर येणं बंद झाल्यापासून आतल्या चड्ड्यांना इलॅस्टिकच्या जागी एक बटण असतं, आणि त्या एका बटणावर फ्लॉरीने फार भरवसा टाकला होता. शेवटच्या वॉल्ट्झमध्ये ते उडालं. बाईने धीर सोडला नाही. गुडघे घट्ट जुळवून, बारीक बारीक पावलं टाकत, चेहऱ्यावर राणीचं हसू ठेवून तिने अख्खा नाच पुरा केला. लोकांना वाटलं नवीन पद्धत आहे. पुढच्या शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये मी तीन पोरींना तसं नाचताना पाहिलं.

माझी जोडीदार एडिथ. नाच संपल्यावर ती मला म्हणाली, 'हेटी, सगळं छान झालं गं, पण कानात मोजू नकोस. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं.' मी चाटच पडले. मी मोजते हे मला माहीतच नव्हतं. सिरिल मोजायचा. चार वर्षं माझ्या उजव्या कानात मोजायचा. तुझ्या कानात मोजतो का गं अजून? पण ते असू दे.

आता मुद्द्याचं. मी रविवारी संघापुढे उभी राहिले आणि खरं सांगून टाकलं, की जाळी माझी नव्हती, बहिणीची होती, आणि तिला ती परत हवी आहे. मग फ्लॉरी म्हणाली, 'अगं, एवढंच ना? उसवलं तसं शिवू.' क्लेगबाई म्हणाल्या, 'आणि चोरी कबूल केलीस तशी पुढच्या वेळी आधी विचार.' त्या बोलल्या ते योग्यच बोलल्या.

तेव्हा आता रोज गिरणी सुटली की आमच्या स्वयंपाकघरात थर परत येताहेत. पहिला चांगला आहे. दुसऱ्यावर रश्शाचा डाग आहे, तो मी आत वळवीन. पाचव्याला टाचेने भोक पडलं, ते क्लेगबाईंनी इतकं बारीक रफू केलं की आता तीच जागा सगळ्यात मजबूत आहे. सातवा एडिथने डोक्यावरून घेऊन लग्न केलं. तिचा शिपाई दोन दिवसांच्या रजेवर आला होता, घाई होती, मला विचारायला तिला सवड झाली नाही. आठवा फ्लॉरीचा. त्याबद्दल आपण भेटीत बोलू.

नऊ मेच्या आत झगा तुझ्या हातात असेल. तू तो ओळखशील. जवळजवळ ओळखशील.

रागावायचं तर रागाव. फक्त एक लक्षात ठेव, तो आईने आधी माझ्यासाठी शिवला होता. माझा पाय धड असता तर तो तुझ्या ट्रंकेत गेलाच नसता.

तुझी,
हेटी


रविवार, २ मे १९४३

प्रिय ऑलिव्ह,

तुझं चार पानांचं पत्र शुक्रवारी आलं. नेमकं त्या वेळी आम्ही नऊ जणी टेबलाभोवती बसून शेवटच्या थराचे शेवटचे टाके घालत होतो. मी ते उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले. फ्लॉरी म्हणाली, 'मेलं का कोणी?' मी म्हटलं, 'नाही. जन्मलंय.'

मुलगी, तीन महिन्यांची, रोडा. आईचं नाव ठेवलंस. आणि नऊ मेला नाच नव्हताच, बारसं आहे, चर्चमध्ये. सिरिल बोटीवरून यायचा आहे. तुला फक्त सॅटिन हवं होतं, तिच्या पांढऱ्या अंगरख्याला. 'जाळी राहू दे तुझ्याकडे, एवढ्याशा जिवाला आठ थर कशाला?' हे मी मोठ्याने वाचलं. नऊ बायकांनी तीन आठवडे डोळे फोडून शिवलेल्या त्या झग्याकडे सगळ्यांनी पाहिलं. क्लेगबाईंनी टाके उसवायची आपली आकडी पिशवीतून बाहेर काढली.

मार्था आत्याला बाळाचं माहीत होतं म्हणे, दिवस गेल्यापासून. तिने मला सांगितलं नाही. जन्मभरात तिने राखलेलं हे पहिलं गुपित, आणि नेमकं माझ्याशी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'ऑलिव्हने शपथ घातली होती. त्या दिवसापासून माझा गुडघा जास्त दुखतोय.'

तू लिहिलंस, 'मी तुझं घेतलं ते घेतलं. माफी मागायला मला तोंड नाही. पण आईचा टाका निदान नातीच्या अंगाला लागू दे.' आणि पुढे, तुला शिवण येत नाही म्हणून, मला जड वाटत नसेल तर अंगरखा मीच बेतावा. आणि शेवटी एक सूचना. 'तुझा पाय मुरगळला त्या शुक्रवारी आईने झगा माझ्या मापाला दोन इंच आत घेतला होता. ती शिवण सोड, तेवढंच कापड जास्त मिळेल.'

शनिवारी दुपारी मी ती शिवण सोडायला बसले. ऑलिव्ह, आत दोन इंच कापड नव्हतं.

तू शिवत नाहीस म्हणून समजावून सांगते. सॅटिनला सुई एकदा टोचली की ते विसरत नाही. जुनी शिवण सोडून नवी घातली तर जुन्या टाक्यांची भोकं ओळीने तशीच राहतात, इस्त्री करा, वाफ द्या, काही करा. मी ते अंग आतून, बाहेरून, खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. एकच ओळ आहे. दोन्ही कुशींना, पाठीला, सगळीकडे एकच. आईने तो झगा आत घेतलाच नव्हता. तो पहिल्यापासून तुझ्या मापाने बेतलेला होता. मला तो कधीच झाला नसता. मला तिने मापाला दिला होता तो जुन्या चादरीचा नमुना. सॅटिन शेवटच्या दिवसापर्यंत अंगाला लावायचं नाही, घामाचा डाग पडतो, हा तिचा नियम होता. आणि मी गिरणीत असायचे म्हणून घेर टाचायला ती तुला उभी करायची. आपल्या दोघींना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्या शुक्रवारी ती बैठकीच्या खोलीत कडी लावून चार तास बसली होती, आठवतं? बाहेर आली आणि झगा तुला चपखल बसला, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, रोडाच्या हातात जादू आहे. आता मला वाटतं, ती आत झोपली होती.

पण माझा पाय मुरगळला शुक्रवारी सकाळी. झगा बेतला त्याच्या महिनाभर आधी. मग आईला कसं कळलं?

हे मी लिहू नये असं मला कालपासून फार वाटतंय. तीन वेळा कोंबड्यांना दाणे घालून आले. ओरडणारी कोंबडीही आता खाऊन गप्प झाली आहे, तेव्हा लिहिते.

माझा पाय मुरगळला नव्हता.

मला सिरिलबरोबर नाचायचं नव्हतं. चार वर्षं त्याने माझ्या कानात मोजलं. त्याच्या डोक्याला लावायच्या तेलाच्या वासाने माझं डोकं उठायचं. पण चार वर्षं जोडीने नाचलो म्हणजे गावाने लग्न धरलेलंच होतं. चषक जिंकला असता तर त्याच दिवशी त्याने मला विचारलं असतं, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणायची मला छाती नव्हती. तो माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त कठीण. आणि एक गोष्ट मी सरावाच्या वेळी पाहिली होती. तू आईचा निरोप घेऊन हॉलमध्ये आलीस की सिरिल मोजायचा विसरायचा. मी एकटी पाहत होते असं मला वाटायचं. आईही पाहत होती, आणि मी नाचणार नाही हेही तिने ओळखलं असावं.

म्हणून मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि ओरडले.

आईने पट्टी बांधली. उजव्या पायाला. तिसऱ्या दिवशी तिने पट्टी बदलली आणि डाव्या पायाला बांधली. मी उठले आणि डाव्या पायाने लंगडत चहा करायला गेले. ती माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, 'उतार पडतोय तर.' मला वाटायचं, तिची नजर अधू झाली. पाच वर्षं मला तसंच वाटत आलं.

तू जिंकून आलीस. मला खरा राग आला तो तेव्हा. सिरिलचा नाही, चषकाचा. माझ्याशिवाय तो चांगला नाचू शकतो हे मला सोसलं नाही. मग तुम्ही लग्न केलंत आणि सगळं गाव मला 'बिचारी हेटी' म्हणू लागलं. मार्था आत्या दर रविवारी पुडिंग आणायची. गिरणीत माझ्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवायचे. लढाई सुरू झाल्यावर लोक स्वतःच्या वाट्याची साखर मला द्यायला लागले, ऑलिव्ह, साखर. मी घेतली. आणि तू बहिणीचा माणूस पळवणारी ठरलीस, गाव सोडून गेलीस, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. एका शब्दाने तुला सोडवता आलं असतं. आधी रागाने बोलले नाही, मग लाजेने.

आई वाट बघत होती, आता कळतं. तिने तुला सांगितलं नाही, मला पकडलं नाही. माझं मी सांगेन म्हणून थांबली होती, आणि शेवटी तिला तेवढा वेळ उरला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्यापाशी ते कुठल्या तोंडाने सांगू, कळत नाही, पण तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

तू माझं काही घेतलं नाहीस. झगा तुझा होता. माणूसही तुझाच होता. आईने दोन्हींचं माप बरोबर घेतलं होतं. माफी मागायची ती मी, आणि ती मी मागते.

अंगरखा तयार आहे. आईच्या पाठीच्या शिवणीला मी हात लावला नाही. ती जशीच्या तशी रोडाच्या छातीवर येईल असा बेत केला. नियमाने टिकल्या दुकानदाराला बंद आहेत, मावशीला नाहीत, म्हणून खालच्या काठाला नऊ लावल्या. एकेक टिकली आमच्यातल्या एकेकीने टाचली. फ्लॉरीची जरा वाकडी आहे. जाळी तू म्हणालीस तशी इथेच राहील, पण संघाने ठरवलंय की पोरगी मोठी होऊन नाचायला लागेल तेव्हा आठही थर तिचे. एडिथ तेवढी रडली, पण तयार झाली.

पार्सलने पाठवत नाही. मी घेऊन येते. शनिवारी दुपारी तीनला गाडी चेस्टरला पोचते म्हणतात, म्हणजे पाचला पोचेल. मी दाराशी उभी राहीन. मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. बाळाचा अंगरखा मात्र दारातूनच घे, तिने काही केलेलं नाही. आणि तू आत घेतलंस, सिरिल घरी असला आणि कोणी गाणं लावलं, तर मी त्याच्याबरोबर एकदा नाचेन. मोजेल तर मोजू दे. हल्ली आम्ही दोघं मिळून मोजू शकतो.

जिचा कुठलाच पाय कधी मुरगळला नव्हता, ती तुझी बहीण,
हेटी